केबलच्या दुकानातली पहाट

कल्याणची एसटी चुकली म्हणून रेश्मा मुरबाड स्टँडसमोरच्या केबलच्या दुकानाच्या पायरीवर सावलीला उभी राहिली. दोन हजार दोन सालचा मे. सकाळीच ऊन चटके देत होतं, आणि आतल्या टीव्हीवर मात्र माणसं बर्फावर घसरत, हातातल्या काठ्या आपटत धावत होती.

"हॉकी आहे ही. अमेरिकेतली," आतून कुणीतरी म्हणालं. "बाद फेऱ्या चालल्यायत."

तो महेंद्र होता. बौद्धवाड्यातला, घरोघर केबल जोडणारा. रेश्मा त्याला चेहऱ्याने ओळखत होती, पण बोलली कधीच नव्हती. त्याने स्टूल पुढे सरकवलं. तिने एकदा बाहेरच्या प्रवासी जीपच्या रांगेकडे पाहिलं आणि… बसली.

याच दिवसांत तिकडे बास्केटबॉलच्याही बाद फेऱ्या असतात, त्यांतच खरी मजा, असं त्याचं म्हणणं होतं. दर क्षणाला बास्केट पडते, हरता हरता माणसं जिंकतात. रेश्माला ते पटेना. समोर हॉकीत बरोबरी होऊन जादा वेळ सुरू झाला होता. आता जो पहिला गोल करील तो जिंकला, खेळ तिथेच बंद. तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"तुमाला घाबरायला आवडतं वाटतं," तो हसला.

"आणि तुमाला?"

"मी बास्केटबॉलवाला. एक हुकलं तर लगेच दुसरं."

"म्हणजे भित्रे."

त्याने होकारार्थी मान हलवली.

मग कल्याणच्या कंप्युटर क्लासला जाताना रेश्मा रोजच लवकर निघून आधी दुकानात थांबू लागली. एक दिवस हॉकी, एक दिवस बास्केटबॉल. वाद संपत नव्हता, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. पण बाहेर जीपचा हॉर्न वाजला की ती दाराकडे वळून पाही. तिचा भाऊ ज्ञानेश्वर त्याच रांगेत जीप लावायचा. वर्षापूर्वी शेजारच्या गावात परजातीतल्या पोरीवर जीव लावला म्हणून बौद्धवाड्यातल्या एका पोराला झाडाला बांधून मारलं होतं आणि पोरीला महिनाभरात दूर कुठेतरी उजवून टाकलं होतं.

एका सकाळी पायरीपाशी करवंदं विकणाऱ्या जिवलीने तिला थांबवलं. "तुजा भाव काल इचारत होता गो. तू हितं बसतंस का म्हणून."

रेश्माने वळून जीपच्या रांगेकडे पाहिलं. तरी ती आत गेली. वडिलांनी, आबांनी, खर्डीचं स्थळ आणलंय, रविवारी बघायला येणार आहेत, हेही त्याला सांगायचं होतं. तिने सांगितलं. महेंद्रने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू आली नायस ना, तर मी मॅच लावतच नाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी येऊ तुझ्या घरी? तुझ्या आबांशी बोलतो."

"मारतील तुला."

"भीती वाटते. पण येईन."

"मला… मला पण तूच हवायस," ती म्हणाली. तेवढ्यात दारात सावली पडली. ज्ञानेश्वर.

"गाडीत बस," एवढंच तो बोलला.

गावच्या रस्त्याला जीप प्रवासी न घेताच धावत होती. नदीच्या पुलाजवळ रेश्मा म्हणाली, "दादा, मला खर्डीला नाय जायचं. मला महेंद्रशी लगीन करायचंय."

ज्ञानेश्वरने जीप कडेला घेतली. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. राग असेल असं तिला वाटलं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तोही घाबरला होता. आबांना, गावाला, उद्याच्या बोलण्यांना.

पोरगा दारू पितो का, त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. मग त्याने समोरच्या आरशात पाहिलं. मागच्या रस्त्यावरून एक सायकल येत होती. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, महेंद्र जीव तोडून पॅडल मारत होता.

जीपजवळ येऊन तो उतरला. धापा टाकत म्हणाला, "दादा, तिला काय करू नका. आबांशी मीच बोलतो."

ज्ञानेश्वर खाली उतरला. रेश्माने डोळे मिटून घेतले. टपावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. तिने पाहिलं, तर भाऊ सायकल वर बांधत होता.

"आबा मारायला उठले तर मी मधे पडेन," तो महेंद्रला म्हणाला. "पण बोलायचं तुमी दोघांनी. मला नाय जमणार. बस मागं."

जीप घराकडे निघाली. महेंद्रने आधारासाठी पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. रेश्माने भावाच्या देखत त्यावर आपला हात ठेवला. भर मे महिन्यात त्याचा हात बर्फासारखा गार होता. ज्ञानेश्वरने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला.