चौथ्या टेबलाचा माइक

स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत नाही. टीव्हीवरच्या आमच्या प्रश्नमंजूषेत येणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाला मी आवाज तपासताना त्याचंच बोलणं ऐकवायचो, आणि जगातल्या झाडून साऱ्या राजधान्या पाठ असलेला तो विद्वान हमखास विचारायचा, “हा मी?” जमेच्या बाजूला एवढं ज्ञान, आणि स्वतःच्या ओळखीचं खातं कोरं. मला त्याची फार गंमत वाटायची.

कार्यक्रमाचा आवाज मी सांभाळायचो आणि प्रश्न माझी धाकटी बहीण काढायची. सगळे तिला परीक्षाबाई म्हणत. उत्तरं फक्त तिला ठाऊक असत. सूत्रसंचालकाच्याही हाती ती एकेक कार्ड आयत्या वेळी ठेवायची. त्याचं नाव आम्ही भावंडांनी पोपट ठेवलं होतं. दिसायला देखणा, पढवलं तेवढं बोलणारा.

अंतिम फेरीला तीनच संघ उरले होते. तरी चौथं टेबल जागेवरच होतं, कारण ते काढलं की कॅमेऱ्यात दात पडल्यासारखं दिसे. त्याच्यावरचा माइकही तसाच होता. सवयीनं मी तोही चालू केला.

पोपटानं पहिलं कार्ड उचललं. “मधमाशीला डोळे...”

“पाच,” माझ्या हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

पुरुषाचा आवाज. बसलेला, ओरडून ओरडून घसा फाटल्यासारखा. मी वरच्या ध्वनिकक्षाच्या काचेतून खाली पाहिलं. चौथ्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती. माझ्यासमोरचा चौथ्या माइकच्या आवाजमापकाचा काटा मात्र हलून नुकताच खाली येत होता.

पुढचं कार्ड पोपटाच्या हातात पडायच्या आत आवाज म्हणाला, “तीन.” मग प्रश्न आला, ऑक्टोपसला हृदयं किती. एका संघानं दोन सांगितली, दुसऱ्यानं आठ.

मध्यंतरात मी खाली धावलो आणि बहिणीला बाजूला घेतलं. “तुझी उत्तरं फुटलीत.”

“हळू बोल, दादा.” तिचा चेहरा उतरला. उत्तरं फुटल्याच्या नुसत्या संशयावरून तिच्या आधीच्या बाईंना घरी पाठवलं होतं, आणि ही नोकरी तिनं हट्टानं, सगळ्या घराशी वाकडं घेऊन मिळवली होती. “कार्डं रात्रभर माझ्या उशाखाली होती. आता उशीवर संशय घेतोस का?”

“ऐक तर एकदा.”

तिनं वर येऊन हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकलं. “नुसतं घूं घूं येतंय. कानातला मळ काढून घे.” ती हसली खरी, पण बोटांनी कार्डांच्या कडा पुनःपुन्हा जुळवत राहिली.

मी स्वतः जाऊन चौथ्या माइकची तार उपटली आणि वर घेऊन आलो. तार माझ्या मांडीवर होती, तेव्हा आवाज म्हणाला, “सात.” नंतर पोपटानं जिराफाच्या मानेतले मणके विचारले.

आता उत्तरं पुढे पळत होती आणि प्रश्न धापा टाकत मागून येत होते. पण त्यांचा लाभ कुणालाच होत नव्हता. तिन्ही संघ बिचारे प्रामाणिकपणे चुकत होते. चोरी झाली आणि चोराच्या पदरात काहीच नाही, हा हिशेब मला जुळेना.

एक संघ कसाबसा जिंकला. चमकीचे कागद उडाले, दिवे मालवले, माणसं पांगली. तेवढ्यात आवाज आला.

“हिरवी.”

मी खालच्या स्पीकरवरून बहिणीला विचारलं, “हिरवी असं उत्तर कुठल्या प्रश्नाचं?”

तिनं काचेकडे मान वर केली. “असा प्रश्नच नाहीये माझ्याकडे. म्हणजे काही फुटलेलं नाही. झालं समाधान?”

माझा जीव भांड्यात पडला.

“गाडीपाशी थांबते. लवकर ये, नाहीतर पोपट घरापर्यंत सोबत करेल.” तिनं ओढणी खांद्यावर टाकली. हिरवी होती. मी ती पाहिली, आणि तारा गुंडाळायला घेतल्या.

“मागच्या जिन्यानं.”

“एकटीच.”

“मी. मोठा भाऊ.”

माझे हात थांबले. ही उत्तरं प्रश्नमंजूषेतली नव्हती. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी हलक्या आवाजात:

“हो. तिचीच आहे.”

मी धावलो.

मागच्या जिन्यात खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. मधल्या वळणावर कार्डांची चळत ठेवली होती, कडा नीट जुळवलेली. खाली दारातच रखवालदार बसला होता.

“इथून कुणीच उतरलं नाही, साहेब.”

मी इमारतीचा मजला न् मजला तिला हाका मारत पालथा घातला. पोलिसांतली एक बाई आली, तोवर माझा घसा बसला होता.

“अंगावर ओढणी होती? कसली?”

“हिरवी,” मी म्हणालो, आणि तो आवाज ओळखला.

“कुठून गेली?”

“मागच्या जिन्यानं.”

“सोबत कोण होतं?”

“एकटीच.”

“तुम्ही कोण तिचे?”

मला ओठ मिटून घ्यायचे होते. “मी. मोठा भाऊ.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. तरी मी बसून राहिलो.

“अजून काही विचारायचंय तुम्हाला?”

“सध्या नाही,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी फारसं कुणाशी बोलत नाही. फोन उचलत नाही. शेजारी काही विचारू लागले की कामाचं निमित्त सांगून दार लावतो. एक उत्तर अजून कुणी मागितलेलं नाही, आणि ते जोवर मी देत नाही तोवर ती कुठेतरी आहे, असा माझा हिशेब आहे.

आज सकाळी त्याच बाई दारात उभ्या होत्या. हातात दुमडलेली कागदी पिशवी होती.

“एकच दाखवायचं होतं,” त्या म्हणाल्या आणि पिशवी उघडू लागल्या.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

माझ्या पाठीमागून, रिकाम्या घरातून, माझा आवाज म्हणाला, “हो. तिचीच आहे.”