दांडीचा बेलेम बुरूज

पारूने पोर्तुगालच्या राजाला गोळी घातली, पण राजा काही केल्या चिखलात पडायला तयार होईना.

"मेलास ना तू? मग पड की," पारू म्हणाली.

"नवी चड्डी हाय. बसल्या बसल्या मरतो," राजा म्हणाला. राजा म्हणजे तिचा थोरला भाऊ जिवल्या.

"राजा बग्गीत बसलेलाच होता. चालेल," उषाने निकाल दिला.

मे महिन्याची सुट्टी होती आणि दांडीच्या किनाऱ्यावर रोज लिस्बन शहर वसत होतं. उषाचे वडील साताऱ्याकडचे. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा ओव्हरसियर म्हणून इकडे आलेले. जिवल्या आणि पारू दांडीच्या कोळ्यांची पोरं. त्यांचा शांतारामकाका तरुणपणी बोटीवर खलाशी होता आणि त्याने लिस्बन डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या गोष्टीत रक्त नाही असा एक दिवस जात नसे. नदीकाठच्या मोठ्या चौकात राजाला आणि युवराजाला भर दिवसा गोळ्या घातल्या. त्याच जागी पूर्वी राजवाडा होता. तो सणाच्या सकाळी भूकंपाने कोसळला, मग नदी मागे हटली आणि परत आली ती थेट शहरावर. आणि नदीच्या तोंडावर बेलेमचा बुरूज. त्याच्या तळघरात कैदी कोंडायचे आणि भरतीचं पाणी आत शिरायचं. ही गोष्ट ऐकल्यापासून मुलांनी खाडीच्या तोंडावरच्या पडक्या फिरंगी बुरुजाचं नाव बेलेम ठेवून टाकलं होतं.

आज भूकंपाचं काम शांतारामकाकाकडे होतं, आणि भूकंपाचा पत्ता नव्हता.

"काल सांजच्यापासून घरी आला नाय," जिवल्या म्हणाला. "आई बोलली, होडीत झोपला असंल. पण होडीत पण नाय."

उषाला काकाचं कालचं बोलणं आठवलं. गेले काही दिवस किनाऱ्याला मेलेली बोयटं, खाडीतली मासळी, लागत होती. पोटं फुटलेली, डोळे बाहेर आलेले, अंगावर जाळ्याचा एक वळ नाही. ती हातात घेऊन काका काल म्हणाला होता, "कोणीतरी सुरुंगाच्या दारूनं मासळी मारतंय. पकडतोच त्याला." मोठ्या माणसांनी हसून सोडून दिलं होतं.

तिघं बुरुजाकडे गेली. खालच्या खोलीला कधी दार नव्हतं. आता तिथे जाड पत्र्याचं दार होतं आणि कुलूप. उंबऱ्याच्या दगडावर रक्त वाळलं होतं. आतून कण्हण्याचा आवाज आला.

"काका!" पारू किंचाळणार तोच जिवल्याने तिचं तोंड दाबलं. वाळूतून पावलं येत होती. तिघं ढासळलेल्या भिंतीमागे दडली.

खंडेराव आला. त्याला पाहून उषाला आधी हायसंच वाटलं. खंडेराव दगडाच्या खाणीवरच्या ठेकेदाराचा स्टोअरकीपर. उषाच्या वडिलांच्याच मुलखातला, रोज त्यांच्या घरी चहाला यायचा, गावाहून येताना तिच्यासाठी गुळाची ढेप आणायचा. मागे बन्सी नावाचा त्याचा माणूस होता. त्याच्या काठीला रक्त लागलं होतं.

"म्हातारा मरंल, राव," बन्सी म्हणाला.

"संध्याकाळी मनोरहून ट्रक येतोय. माल गेला की बघू म्हाताऱ्याचं."

"इथं पाणी?"

"अष्टमीला दिवसभर थांबून बघितलं, मगच काल माल आणला. थेंब शिरला नाही. कोरडी ठणठणीत जागा."

 जिवल्या उषाच्या कानाशी लागला. "अष्टमीला भांगाची भरती, पाणी चढतच नाय. आज अवस हाय. उन्हाळ्यात दिवसाचं उधाण मोठं. जेवणवेळंला ही खोली छतापर्यंत बुडते."

अष्टमीला कोरडी म्हणजे कायमची कोरडी, ही अक्कल घाटावरच्या माणसालाच सुचणार. समुद्र बुरुजाच्या पायथ्याला लागलासुद्धा होता. कोळीवाड्यापर्यंत जाऊन यायलाही वेळ थोडा होता.

"पारू, पळ. मासळीच्या वाळवणावरून राहीमावशीला आण. सगळ्यांना आण," उषा कुजबुजली आणि स्वतः उठून पुढे गेली.

"खंडेरावकाका, इथे तुमचं काही सामान आहे का?"

तो दचकला. "तू काय करतीस इथं?"

उषाने आतल्या शांतारामकाकाचं नावच काढलं नाही. "आज अमावस्या. आत्ता ही खोली पाण्याने भरणार. काही ठेवलं असेल तर गेलं म्हणून समजा."  तेवढ्यात एक लाट आली आणि उंबऱ्याखालून आत गेली.

खंडेरावाने शिवी हासडली आणि कुलूप काढलं. शांतारामकाका भिंतीला टेकून पडला होता, हातपाय बांधलेले, डोकं फुटलेलं. पाणी त्याच्या पोटऱ्यांवर होतं. दोघे त्याला ओलांडून खोकी उचलू लागले. सगळी खोकी बाहेर आली तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि खंडेराव दार ओढू लागला.

"काका आत आहे!" उषा ओरडली.

"म्हातारा समुद्रात गेला म्हणतील. आणि तू काही पाहिलं नाहीस."

त्याने दार लोटलं. उषाने विचार केला नाही. तिने स्वतःला त्या फटीत घातलं, अर्धी आत, अर्धी बाहेर. पत्रा तिच्या दंडावर आदळला. खंडेरावाने तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा जोर लावला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती हलली नाही.

"सोडा की तिला, पोरगी हाय ती," बन्सी काकुळतीला आला. खंडेरावाने त्याच्या तोंडावर असा कोपर हाणला की त्याचा ओठ फाटला.

मग वल्हं आलं, काकाच्या होडीतून जिवल्याने पळत आणलेलं. पहिला तडाखा पाठीत, दुसरा गुडघ्यात. खंडेराव वळला, त्याने पोराचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तेवढ्यात मासळी वाळवणाऱ्या बाया येऊन थडकल्या. पुढे राहीबाई, हातात मासे कापायचा कोयता.

"सोड पोराला. नायतर हात इथंच पडंल तुझा," ती शांतपणे म्हणाली.

त्याने सोडलं नाही. राहीबाईने कोयता उलटा करून मनगटावर हाणला, आणि मग त्याला सोडावंच लागलं. बायांनी त्याला जाळ्यात गुंडाळून असा बडवला की फौजदार आले तेव्हा तो त्यांच्याच पाया पडला. बन्सी आपणहून हात पुढे करून बसला होता. त्याआधीच, गळा सुटताच, जिवल्या राहीबाईचा कोयता घेऊन मांडीभर पाण्यात शिरला होता आणि त्याने काकाचे दोर कापले होते.

पालघरच्या दवाखान्यात उषाच्या हाताला प्लास्टर घातलं. फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली. खोक्यांत खाणीवरून चोरलेली, एक अख्खं गाव उडेल एवढी सुरुंगाची दारू होती म्हणाले. वडील खाटेशी मान खाली घालून बसले. "रोज माझ्या घरी चहा प्यायचा," ते म्हणाले, "मला माणूस कळला नाही. शाबास, पोरी."

उषाला रडू फुटलं. "हातासाठी नाही रडत मी. त्याने मला ओळखलं होतं, बाबा. ओळखून परत दार दाबलं."

 शेजारच्या खाटेवरून शांतारामकाका बोलू लागला. त्याचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं.

"लिस्बनात डोंगरावर किल्ला हाय. त्याची एक गोष्ट तुमाला सांगितली नव्हती. लई वर्सांमागं वेढा पडला होता. दार मिटत होतं, तवा एक माणूस त्या फटीत आडवा घुसला. त्याच्या अंगावरून बाकीचे आत गेले, असं सांगतात. त्या दाराला त्याचं नाव हाय."

"तो वाचला?" पारूने विचारलं.

"नाय." काकाने हात लांब करून उषाच्या केसांवरून फिरवला.  "म्हणून तर त्याचं नाव नुसतं दगडाला ऱ्हायलं. तू वाचलीस, बाय. मी हाक मारली की तू ओ देशील."