शून्यावर आलेला डबा

"ताई, डबा मी बंद केलाच नाही. पण कॉम्प्युटरच माह्याविरुद्ध साक्ष देऊन राहिला," सुगत म्हणाला.

खासगी तपास करणाऱ्या भावना इंगळे यांच्या अमरावतीच्या कचेरीत निवृत्त हवालदार मोतीराम टिपणं घेत होते. नांदगाव पेठेतली सूतगिरणी. २०२५ च्या तीन मार्चला, दुपारी सव्वादोनला गाठींच्या गोदामात धूर झाला. भोंगा वाजला नाही. कामगार श्रावण आत गुदमरून गेला. धुराचा निरोप भोंग्याकडे नेणारा नेटवर्कचा डबा सुगत सांभाळायचा. डबा किती वेळ अखंड सुरू आहे, तो आकडा दोन तेराला शून्यावर आलेला. म्हणजे डबा बंद झाला होता. उद्या सुगतवर गुन्हा.

मोतीरामांना पटलं. खरं बोलायला आकड्याला मारावं लागत नाही, हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

गिरणीत व्यवस्थापक केशवरावांनी चहा पाजला. भिंतीवर २०२३ च्या खंडेनवमीचा फोटो होता: नव्या डब्याला हार, केशवरावांचं बोट बटणावर, मागच्या घड्याळात पावणेबारा.

"त्यानंतर कधी बंद केला?" भावनाताईंनी विचारलं.

"छे! पूजेचं यंत्र हाय, बाई."

"भोंगा त्रास देतो?"

"धुळीनंबी कोकलते. त्या दिवशी तं मुंबईचे पाहुणे होते."

"भोंगा आहे त्या गॅलरीची किल्ली?"

"माह्याजवळच."

गॅलरीतल्या भोंग्याच्या तोंडात कापूस होता. सूतगिरणीत कापूस नाही तर काय पेढे असणार, असं मोतीरामांना वाटलं. त्याच डब्यातून जाणारं कॅमेऱ्याचं चित्रण दोन ते अडीच सलग निघालं.

भावनाताईंनी सुगतला केशवरावांच्या खोलीत बोलावलं.

"डबा बंद असता, तर चित्रण तुटलं असतं. हा डबा सेकंदाचे शंभर भाग करून मोजतो. चारशे एकोणतीस कोटींच्या वर गेला, की आकड्याला जागा उरत नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा परत शून्य. त्याला लागतात चारशे सत्त्याण्णव दिवस, दोन तास आणि अठ्ठावीस मिनिटं. खंडेनवमीच्या पावणेबारापासून मोजा, मोतीराम."

मोतीरामांनी कॅलेंडरवर दोनदा मोजलं. "तीन मार्च. दुपारचे दोन तेरा."

"म्हणजे निरोप भोंग्यापर्यंत पोचला होता. उडालेला कापूस जाळीवर बसतो, केशवराव. आत बोटानं ठासावा लागतो. किल्ली एकच, आणि पाहुणे तुमचे."

केशवराव खुर्चीत बसले. "पाहुणे गेले का काढनारच होतो," ते म्हणाले. "कामात राहून गेलं."

मोतीरामांनी पोलिसांना फोन लावला. सुगतची नोकरी वाचली, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

"ताई," तो म्हणाला, "भोंगा वाजला असता, तं श्रावण बाहेर आला असता?"

भावनाताईंनी पर्स उचलली. श्रावण सापडला तिथून गोदामाच्या दारापर्यंत तीस पावलं होती. त्यांनी ती सकाळीच मोजली होती.