मालक आले

पाचगणीच्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. आमच्याकडची सगळी माणसं स्वतःलाच विसरलेली. प्रत्येकाच्या उशाशी 'माझी ओळख' नावाचा कागद लावायची पद्धत मीच पाडली. हाक कशी मारायची, चहा कसा लागतो, रडायला लागले तर कशानं गप्प बसतात. घरचे भरून देतात, आम्ही तसं वागतो. गोळीपेक्षा कागद बरा, असं मी येईल त्याला ऐकवायचे. मिरवायचेच म्हणा ना.

शिराळ्याकडच्या रंगूबाई आल्या त्या धुक्याच्या दिवसांत. दिवेलागण झाली की दाराची कडी वाजवत "घरला जायाचं" म्हणून टाहो फोडायच्या. त्यांच्या सुनेनं, दीपमालानं, कागदावर लिहिलं होतं, 'मालक आले म्हणायचं. लगेच गप्प बसतात.' मालक म्हणजे रंगूबाईंचे यजमान. फौजेत होते, वारून बरीच वर्षं झालेली.

मी रोज म्हणायचे, "आजी, मालक आले हं!" रंगूबाई पदर ओढून कॉटवर भिंतीकडे सरकायच्या. हूं की चूं नाही. या वयातही नवऱ्याची लाज! मला भारी कौतुक वाटायचं.

मग पावलं ऐकू यायला लागली. आमच्याकडे सगळे रबरी चपला घालतात. हे खिळ्यांचे बूट होते, व्हरांड्याच्या फरशीवरून सावकाश येणारे... आणि मागोमाग बूटपॉलिशचा वास. वॉचमन असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी दुपारी दीपमाला भेटायला आली. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, "तुमचा उपाय रामबाण आहे बरं का."

"व्हय तर. मामंजी पट्टा काढायचं. बूट वाजलं की आत्याबाई कॉटखाली शिरायच्या."

मी माझा कप खाली ठेवला. "मग असं लिहिलंत कसं?"

"आवं, गप कशानं बसत्यात, ह्ये ईचारलं तुमी. का बसत्यात, ह्ये कुठं ईचारलं?"

मला माझीच किळस आली. त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी रंगूबाईंकडे धावले. त्या आधीच कॉटखाली होत्या. मी खाली वाकले.

"आजी, मालक नाहीत. मेलेत ते. आता कुणीही येणार नाही."

"हळू बोल पोरी... दारात हायत. तू रोज हाक मारतीस... म्हनून येत्यात."

बूट वाजले. त्यांनी माझं मनगट धरून ओढलं आणि त्यांना धीर द्यायला गेलेली मी त्यांच्या शेजारी कॉटखाली शिरले. बूट आत आले. कॉटपाशी थांबले. मला फरशीशिवाय काही दिसत नव्हतं. पट्ट्याचं बक्कल मात्र सुटलेलं ऐकू आलं.

रंगूबाईंनी पदर सोडून माझ्या तोंडावर टाकला.

"तू हितंच ऱ्हा. मला सवय हाय..."

आणि त्या बाहेर सरकल्या.

मी ओरडले नाही, हलले नाही. लोक आले तेव्हा त्या फरशीवर पडल्या होत्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. अंघोळ मी घातली. त्यांची पाठ मी पाहिली आहे.

त्यांची कॉट आता रिकामी आहे. मालकांचं नाव वॉर्डात कुणी काढत नाही. पण दिवेलागण झाली की पोटच्या पोरांनाही न ओळखणाऱ्या बाकीच्या बायका एकेक करून उठतात आणि निमूट आपापल्या कॉटखाली शिरतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.