सुधारित आवृत्ती

रस्ता तुम्ही जोडलात. कुणाला विचारून जोडलात, ते आधी सांगा. खोक्यावर ठळक छापलंय: 'सुधारित आवृत्ती. मागील छपाईतील चुका दुरुस्त.' ती चूक कुणाला वाचवत होती, याचा विचार केलात? तुम्ही खेळ छापता, खोकी विकता, पुढचं घेणंदेणं तुम्हाला नाही. मला आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो, आणि तुम्ही ऐकायचं.

मी फरश्या बसवतो. बायको कपडे शिवायची. माळ्यावरून पेटी काढताना पडली आणि कंबरेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आतल्या खोलीत पलंगावर उताणी आहे. स्वतःहून तसूभरही सरकता येत नाही. संध्याकाळी कामावरून आलो, नखांतलं सिमेंट काढलं, की मी स्टूल ओढून बसायचो आणि आम्ही तुमचा खेळ मांडायचो. जुना, पहिल्या छपाईचा. चार कोपऱ्यांत चार घरं, त्यातलं निळं कायम तिचं. ते दुसऱ्या कुणी घेतलं तर रुसायची. आणि एक काळी सोंगटी, जी कुणाचीच नाही. तुमच्या नियमांत तिचं नाव 'पाहुणा'. प्रत्येक फेरीनंतर पाहुण्याला एक चौकोन पुढे सरकवायचं. त्याचा रस्ता एकच, सरळ निळ्या घरापर्यंत. पण वाटेत काढलेल्या विहिरीच्या पुढचा एक चौकोन तुम्ही छापायलाच विसरला होतात. तिथे नुसतं हिरवं गवत. पाहुणा विहिरीपाशी यायचा आणि डाव संपेपर्यंत उभा राहायचा.

"त्याचे पाय दुखत असतील हो," बायको म्हणायची. "एखादी खुर्ची तरी द्या बिचाऱ्याला."

"तुझ्याकडे निघालाय तो. मी का देऊ?"

"जळताय वाटतं!"

असं चाललं होतं. मग मेहुणा बहिणीला बघायला आला आणि त्याच्या हातून पटावर अख्खा कप चहा सांडला. ओशाळून दुसऱ्याच दिवशी नवं खोकं घेऊन आला. "दाजी, हे भारी आहे. चुकाबिका सगळ्या काढून टाकल्यात."

त्या संध्याकाळी पाहुणा विहीर ओलांडून गेला. मीच सरकवला, माझ्याच बोटांनी. बायको पटाकडे बघत राहिली. मग हसली, पण उशिरा.

"निघाला एकदाचा," म्हणाली.

सकाळी कामाला निघालो तर दारातली पहिली फरशी पायाखाली पोकळ वाजली. ही फरशी माझ्या हातची आहे. खाली माल नीट भरला की आवाज भरीव येतो. पोकळी राहिली तर रिकाम्या डब्यासारखा येतो. माझ्या घरात एकही फरशी तशी नव्हती. ती उचकटली. खाली सिमेंट गच्च, सुई जाणार नाही असं. पुन्हा बसवली, ठोकली. पोकळच.

दुसऱ्या दिवशी ती भरीव वाजत होती. तिच्या पुढची पोकळ झाली होती.

मी येडा नाही. ओल असेल, जमीन खचत असेल, सगळं धरून पाहिलं. पण खचणारी जमीन मागची फरशी दुरुस्त करून पुढे जात नाही. रोज एक फरशी. दारातून बैठकीत, बैठकीतून बोळात. मेहुण्याला बोलावलं. तो हसत आत आला, बोळात त्या फरशीवर त्याचा पाय पडला आणि त्याने तो चटका बसल्यासारखा उचलला.

"उंदीर असतील, दाजी," म्हणाला. चहा न घेता गेला.

खेळणं तर आम्ही पहिल्याच दिवशी थांबवलं होतं. पट तसाच कपाटावर होता. मी नाही, तिने तर नाहीच, कुणीही हात लावला नाही. तरी सोंगटी रोज एक चौकोन पुढे. मी ती उचलून खिशात टाकली. दुसऱ्या सकाळी खिशात सोंगटी, आणि पटावर पुढच्या चौकोनात तिच्या बुडाचा गोल ठसा. वर्षानुवर्षं काही जड ठेवलेलं असावं तसा.

त्याच्या पुढच्या चौकोनावर हिरवा कागद डकवला. सकाळी कागदावर रस्ता उमटला होता, तुमच्याच छपाईचा, तुमच्याच शाईच्या वासाचा.

मग माळ्यावरून जुना पट काढला. म्हटलं, तोच मांडू, तिथे तरी वाट तुटलेली आहे. चहाचा डाग ओल्या फडक्याने पुसला. विहिरीपुढे चौकोन होता. रस्ता जोडलेला. माझ्या घरातला, माझ्या मालकीचा जुना पटसुद्धा तुम्ही दुरुस्त केलात!

तुमच्याकडे फोन लावला तेव्हा एक बाई बोलल्या. आवाज गोड होता.

"हो सर, तो रस्ता दुरुस्त केलाय. खूप तक्रारी होत्या."

"परत तोडा."

"सॉरी सर?"

"बरं, पाहुणा घरात पोचला की काय होतं? एवढं सांगा."

"ते नियमांच्या पुस्तिकेत आहे. पान बारा बघा."

"अकराव्या पानावरच संपते. खाली लिहिलंय, पुढील पान पाहा. पुढे पानच नाही."

त्यांनी स्वतःची प्रत चाळली. पानं उलटल्याचा आवाज आला, मग थांबला.

"त्याची तक्रार अजून कुणी केली नाही, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथपर्यंत कुणी पोचलंच नसेल."

त्यानंतर तुमचा फोन कुणी उचलत नाही.

डॉक्टरांच्या हातापाया पडलो, हिला दुसरीकडे हलवू द्या म्हणून. नाही म्हणाले. काल पलंग एकट्याने ढकलायला गेलो, तर ती किंचाळली. वेदनेने, असं मी धरून चालतोय.

आज पोकळ फरशी पलंगाच्या कडेला आहे. ठसा निळ्या घराच्या दारात.

मघाशी पाणी घेऊन आत गेलो. ती भिंतीला चिकटून पडली होती. अर्धा पलंग मोकळा. मोकळ्या बाजूची चादर हाताने सारखी केलेली.

"तुला कुणी सरकवलं?"

"त्याचे पाय दुखत असतील हो," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पान बारावर काय आहे? पुढच्या आवृत्तीत छापू नका. मला आत्ता सांगा.