उतार कापलेलं कव्हर

आधीच सांगतो, पटत नसेल तर इथेच थांबा. खाली येऊन 'यामागे लॉजिक काय' असं विचारू नका. ते माझ्याकडे नाही. असतं तर मी रात्री नीट झोपलो असतो.

हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. ताई खोटं बोलत नाही. खोटं बोलायला जो धीर लागतो तो तिच्यात नाहीच. तापट बाई आहे, मनात येईल ते तोंडावर फेकते.

आणि मध्यरात्र, वादळ, पडकं घर असलं काही नव्हतं.

मार्चमधला मंगळवार होता. भर दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, लोक डबे धुऊन जागेवर परतत होते. शहराबाहेरच्या एका कारखान्याची शेड. तिच्या टोकाला एक कोल्ड रूम, आणि तिच्या जाड काचेबाहेर उभी असलेली ताई, रागाने लाल झालेली.

का, ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ताई गाड्यांच्या आतले प्लास्टिकचे भाग डिझाइन करते. दोन दारांच्या मधे जो खांब असतो ना, ज्याला सीटबेल्ट लटकतो, तो पिलर. त्यावरचं कव्हर हे तिचं काम. घरी आम्ही तिला पिलरवाली म्हणतो आणि ती आम्हाला चप्पल दाखवते.

गाडीच्या छताच्या कडेला, कापडामागे, एक एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. बाजूने धडक बसली की पापणी लवायच्या आत ती पडद्यासारखी खाली येते आणि तुमचं डोकं आणि काच यांच्या मधे उभी राहते. पण येताना तिच्या वाटेत हे कव्हर लागतं. कव्हरची वरची कड आडवी आली तर बॅग तिथे अडकते आणि कव्हरच्या मागे घुसते. मग काचेसमोर डोकं उघडंच राहतं.

म्हणून ताईने कव्हरच्या माथ्यावर उतार दिला होता. घसरगुंडीसारखा. बॅग त्यावरून घसरून आत यायची, माणसाच्या बाजूला.

तिच्या साहेबांनी तो उतार कापला.

दिसायला बरा नाही म्हणून!

या साहेबांना सगळे मागून इस्त्रीसाहेब म्हणायचे. त्यांना प्रत्येक गोष्ट सपाट हवी असायची. "मॅडम, गाल सुजल्यासारखं दिसतंय ते," ते भर मीटिंगमध्ये म्हणाले.

"साहेब, ते दिसायला नाहीये."

"पण गिऱ्हाईक बघणारच ना?"

"गिऱ्हाईकाचं डोकं शाबूत राहिलं तर बघेल!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण उतार गेला तो गेलाच. सपाट कव्हर बनून आलं आणि मंगळवारी त्याची टेस्ट ठरली. त्यात पास झालं की गाडी तशीच बाजारात जाणार होती.

टेस्टसाठी गाडीचा नुसता सांगाडा असतो. सीट, दारं, काचा, छत. चाकं नाहीत, इंजिन नाही. तो कोल्ड रूममध्ये ठेवून गोठवतात, कारण कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक काचेसारखं फुटतं. मग बाहेरून किल्ली फिरवली की बॅग उडते. तिथले लोक त्याला बार काढणं म्हणतात.

त्या खोलीचा एक जुना रिवाज होता. बार काढण्याआधी टेस्टचे काका दार उघडायचे आणि मोठ्याने विचारायचे, "आत कोणी आहे का?" थोडं थांबायचे. मग दार बंद, मग किल्ली. पूर्वी कधीतरी एक झाडूवाला आत राहिला होता आणि त्याचा कान कायमचा गेला, तेव्हापासूनचं हे. खोली एवढीशी, सगळी काचेतून दिसते. तरीही काका विचारायचेच. पोरं हसायची.

त्या दुपारी काकांनी दार उघडलं. पांढरी वाफ बाहेर आली.

"आत कोणी आहे का?"

सगळे थांबले. आणि...

"आहे."

बाईचा आवाज होता. घाबरलेला नाही, रडका नाही. कोणीतरी स्वयंपाकघरातून ओ द्यावी तसा साधा.

काका ताईकडे बघायला लागले. ताई काचेकडे.

आत कोणी नव्हतं.

काका टोपी, जॅकेट घालून आत गेले. सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं, सांगाड्याच्या खाली बॅटरी मारली. बाहेर येऊन दार लावलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा विचारलं.

"आहे."

काकांनी किल्ली खिशात टाकली. "साहेब, ओ आली. ओ आली की बार नाही."

"अहो काका, कोणीतरी चेष्टा करतंय!" इस्त्रीसाहेब ओरडले.

"करत असेल. तरी बार नाही."

ताईलाही आधी ती चेष्टाच वाटली. पोरांपैकी कोणी फोन लपवून ठेवला असेल म्हणून ती शेडमध्ये प्रत्येकावर खेकसली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सगळे फोन बाहेर काढून ठेवले. पोरांना शेडबाहेर पाठवलं. शेडमध्ये फक्त काका, साहेब आणि ताई.

"आत कोणी आहे का?"

"आहे."

तीच बाई.

आणि तिच्या मागोमाग... कोणीतरी म्हातारं माणूस खोकलं. घसा साफ केला आणि म्हणालं, "मी पण."

ताई काचेला नाक लावून आत बघत होती. सांगाडा रिकामा. सीट रिकाम्या. थंडीने सगळ्यावर पांढरा थर धरलेला.

मग तिला मागची काच दिसली.

आतल्या बाजूने तिच्यावर... श्वासाचा डाग होता. काचेला डोकं टेकून कोणी झोपलं की पडतो तसा गोल. तो लहान होत होता, मोठा होत होता. लहान. मोठा.

तिने साहेबांना दाखवला. त्यांनी पाहिला. चेहरा उतरला, पण माणूस हट्टी. ते गर्रकन ताईकडे वळले.

"हे तुम्हीच करताय! तुमचा तो उतार परत यावा म्हणून नाटकं चाललीयेत."

मी ताईला लहानपणापासून ओळखतो. अशा वेळी तिच्यासमोर उभं राहू नये.

"साहेब," ती म्हणाली, "मला तुम्हाला हरवायला भुतं आणायची गरज नाही. मला एक पेन्सिल पुरते. आणि ऐका, मला भीती वाटत नाहीये, मला राग आलाय. तुम्हाला सपाट दिसावं म्हणून माणसं मरणार आहेत, आणि वर नाटकी मी?"

साहेब दार आपटून निघून गेले. ताई तिथेच स्टुलावर बसली.

काका हळूच म्हणाले, "मॅडम, या सांगाड्यात आधी कोणी गेलंय का? अपघातातला आहे का हा?"

"नाही हो काका. कोरा आहे. ही गाडी अजून रस्त्यावर आलीच नाहीये. हिच्यात कोणी मेलेलं असणारच नाही."

काकांनी मान वळवून काचेवरच्या त्या डागाकडे पाहिलं.

"मग हे... अजून मरायचे आहेत?"

ताईलाही तेच सुचलं होतं.

तिने वरच्या साहेबांना फोन केला. टेस्ट थांबवा, उतार परत द्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तुमचे साहेब म्हणाले होते तुम्ही फोन कराल. थोडी सुट्टी घ्या."

तिने फोन भिंतीवर फेकून मारला. त्याची फुटलेली काच मी स्वतः पाहिली आहे.

शुक्रवारी इस्त्रीसाहेब जाड जॅकेट घालूनच आले. "आज सोक्षमोक्ष. मी आत जातो. ज्या मागच्या सीटवर तुम्हाला श्वास दिसतो ना, तिथेच बसतो. आतून सांगतो कोणी नाही म्हणून. मग बाहेर येतो आणि बार काढायचा. पुन्हा थोतांड नको."

काकांनी किल्ली काढून ताईच्या हातात ठेवली. "मॅडम, ही तुमच्याकडे ठेवा. मी हात लावणार नाही."

तिने ती मुठीत घट्ट धरली.

साहेब आत गेले. त्यांनी मागचं दार उघडलं. वाकले. तसेच थबकले.

मग त्यांनी ते दार हळूच लावलं... आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"मागे का नाही बसले?" काका पुटपुटले.

साहेबांनी पुढचं दार ओढून घेतलं. तोंड हलत होतं, पण आवाज बाहेर येत नव्हता. आणि मागच्या काचेवर आता एक डाग नव्हता. सगळी काच धुक्याने भरली होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"साहेब, बाहेर या!" ताई ओरडली. "बाहेर या म्हणते ना!"

धाड!

बॅग उडाली.

किल्ली ताईच्या मुठीत होती. तिने मूठ उघडून काकांना दाखवली. तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते.

बॅग खाली आली, सपाट कव्हरच्या कडेत अडकली आणि त्याच्या मागे घुसली. कव्हर फुटलं. ताईने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं अगदी तसंच. एक तुकडा साहेबांच्या कानातून आरपार गेला.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते. जॅकेट रक्ताने भिजलेलं. ताईने रुमाल कानावर दाबून धरला. खरं सांगायचं तर तिला त्यांची कीव आली नाही, इतकी ती चिडलेली होती.

काकांनी विचारलं, "साहेब, पुढे का बसलात?"

साहेबांची बोबडी वळली होती. कसंबसं म्हणाले...

"मागे जागाच नव्हती."

ते परत कामावर आले नाहीत. चौकशी झाली. बिघाड काही सापडला नाही. पण फुटलेलं कव्हर सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे वरच्या लोकांनी निमूटपणे उतार परत दिला. फुकटचा शहाणपणा करून झाल्यावर! एक माणूस कानाला मुकला तेव्हा यांना पेन्सिलीची रेघ पटली.

नव्या साहेब एक शांत बाई होत्या. उतार असलेलं कव्हर आलं. टेस्टचा दिवस आला. काकांनी दार उघडलं, तेव्हा त्यांचा आवाज चिरकला.

"आत कोणी आहे का?"

शांतता.

खोकला नाही. बाई नाही. काच स्वच्छ. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचली, तिला वाटलं. सगळी वाचली.

काका दार लावणार तेवढ्यात...

"मी अजून आहे."

एकच आवाज. कुणा तरुण माणसाचा. आणि तो आवाज चिडलेला होता.

नव्या साहेबांनी पाइपातून वारा घुमत असेल म्हणून सांगितलं. काकांनी नकार दिला, तर त्यांनी स्वतः किल्ली फिरवली. बॅग उतारावरून अशी घसरली की बघत राहावं. कव्हर जागचं हललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या न वाजवणारे दोघेच, ताई आणि काका. काकांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

गाडी बाजारात आली. कुठली, ते ताईने घरात कधीच सांगितलं नाही. कंपनीचा नियम तसा आहे.

पण आमचे बाबा म्हणजे बाबा. त्यांनी ताईच्या ऑफिसातल्या कुणाला तरी गाठून नाव काढलं. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. आम्ही सगळे खाली धावलो. बाबा नव्या कोऱ्या गाडीशेजारी छाती फुगवून उभे होते.

"लेकीच्या हातची गाडी!" ते म्हणाले. "दुसरी कोणाची घेणार मी?"

मी उडी मारून मागच्या सीटवर बसलो आणि काचेला डोकं टेकलं.

ताई पांढरीफटक पडली.

"बाहेर ये," ती म्हणाली. मी हसलो. तिने माझी कॉलर धरून मला बाहेर खेचलं, आईदेखत. मग घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि नव्या गाडीचं पिलरचं कव्हर ओरबाडून काढलं. बाबा ओरडत होते, "अगं, वेड लागलं का तुला?" तिने ऐकलं नाही. क्लिप पाहिल्या. छताचं कापड खाली ओढलं. बॅगेची गुंडाळी बोटांनी चाचपली. नखातून रक्त आलं तरी थांबली नाही.

दुपार झाली. शेवटी ती जमिनीवरच बसली.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "एकही चूक नाही."

"मग चिडतेस कशाला?" मी विचारलं. "तुझी चूक नाही ना!"

"माझी नाही म्हणूनच चिडते रे! माझी असती तर सापडली असती."

मग तिने त्या शेवटच्या, चिडलेल्या आवाजाबद्दल सांगितलं. मला सगळं माहीत होतं, तेवढं सोडून. तो कोणासारखा होता, ते मी विचारलं नाही. तिनेही माझ्याकडे बघायचं टाळलं.

गाडी खाली उभी आहे. अजून एकदाही रस्त्यावर गेलेली नाही. बाबा रोज सकाळी विचारतात, "काढायची का आज?" ताई ऑफिसला जाण्याआधी रोज तासभर तिच्यात बसते, टॉर्च तोंडात धरून, छताकडे बघत. आणि रोज तेच सांगते.

"थांबा हो बाबा. सापडू दे."

अजून सापडलेलं नाही.