कॅप्टनचं पान

नेपरव्हिलच्या पश्चिमेला आमचं छोटं गाव आहे. तिथे नदीकाठी कॅप्टन एझ्रा व्हिटकोमच्या घराचं आता म्युझियम झालंय. सोमवार सोडून रोज मी तिथे व्हॉलंटियर असते, येणाऱ्यांना घर दाखवते. खाली किराण्याचं दुकान, वर राहायच्या खोल्या. कॅप्टन यादवी युद्धात लढला, कैदेत उपासमार सोसून हाडांचा सापळा होऊन परतला. पुढे दुकान वाढवलं, गावचा मेयर झाला. मूलबाळ नाही, त्याच्या नावानं पाणी सोडणारं कोणी नाही.

यंदा चातुर्मासात मी नेम धरला, अतिथीला वाढल्याशिवाय जेवायचं नाही. सोमवारी माझा तसाही उपास.

देवयानी, माझी सून, हसली. "आई, इथे दुपारी कोण येणार? पार्सलवाल्याला वरणभात देणार का?"

शेजारच्या सीमाताई जेवायला यायच्या, पण त्या लेकाकडे चँडलरला गेल्या. मग एका दुपारी म्युझियममध्ये चिटपाखरू नव्हतं. डबा हातात घेऊन मी कॅप्टनच्या फोटोपुढे उभी होते. कैदेतून सुटल्यावरचा फोटो. कॉलरमध्ये अजून एक मान मावेल इतका गळा बारीक. मला कणव आली. मागच्या स्वयंपाकघरात टेबलावर पान मांडलं. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं सहज म्हणून गेले, "सावकाश होऊ द्या."

थोड्या वेळानं तेच ताट प्रसाद म्हणून मी जेवले. भाताला चव नव्हती. मीठ विसरले असेन, म्हटलं. घरी येऊन पातेल्यातलं वरण चाखलं. मीठ बेताचं होतं.

मग रोज तसंच झालं. पानातलं अन्न तेवढंच असायचं, चव मात्र गेलेली. नेम म्हटल्यावर मी गुपचूप गिळत राहिले.

गणपतीनंतर ह्यांच्या पँटी सैल व्हायला लागल्या. जेवण नेहमीसारखं, मागून वाढून घ्यायचे. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, सगळ्या नॉर्मल.

"बाबा, चोरून डाएट करताय का?" देवयानीनं विचारलं.

"हिच्या हातचं खाऊन डाएट होतं होय?" हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण हल्ली मीठ घालत नाहीस का गं?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

दिवाळीच्या सुमारास ह्यांना जिना चढवेना. नेम मोडला तर मोडला, माणूस राहायला हवा. दुसऱ्या दिवशी पान मांडलं नाही. फोटोपुढे हात जोडले. "झालं असेल तर उठावं आता," म्हटलं. वर पाहिलं. कॉलर गळ्याशी घट्ट बसलेली होती.

मी व्हॉलंटियरिंग कॅन्सल केलं.

त्या रविवारी सगळे घरी जेवायला बसलो. मी ह्यांना वाढलं. ह्यांनी ताट उचललं आणि समोरच्या, केयाशेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. केया म्हणजे आमची नात, पहिलीत आहे.

"आजोबा, हू इज दॅट फॉर?" तिनं विचारलं.

"अहो, सुरू करा ना," मी म्हटलं.

"थांब. आधी त्यांचं होऊ दे."

"कोणाचं?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पाहुण्यासमोर आगाऊपणा केला होता.

भातावरची वाफ विरली. मग ह्यांनी ताट परत ओढलं, कालवलं, पहिला घास घेतला.

"आज मीठ बरोबर आहे," म्हणाले.

तेव्हापासून आधी त्या खुर्चीपुढे पान वाढते. चातुर्मास संपला, उद्यापन झालं, तरी वाढते. हे आता जिना चढतात. अंगानं भरलेत. देवयानी म्हणते, देव पावला.

केयाही नीट जेवते. ताटात काही टाकत नाही.

आज सकाळी शाळेच्या गडबडीत देवयानी केयाच्या पँटला कमरेत पिन लावत होती.